हंगामी कामगाराची गणना



मलकापूर म्हणजे वऱ्हाडांतील, मुंबई-नागपूर लोहमार्गावरील कापसाची एक पेठ. वेचणीचा कापूस बाजारांत येऊं लागला कीं येथील जिनांची घरघर सुरू होते. सरकी वेगळी निघते आणि रुई दाबून तिच्या गांठी बांधल्या जातात. उन्हाळ्यांत यंत्रें थांबतात व पावसाळ्यांत तोच मजूर निंदणीला शेतावर जातो. मग त्याची गणना कारखान्याच्या कामगारांत करावी कीं शेतमजुरांत? या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा विसावा आणि औषधपाणी अवलंबून असतें.

कायद्याचा इतिहास पाहा. 1881 च्या पहिल्या कारखाना-कायद्यानें वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले. 1911 मध्यें ते कायद्याच्या कक्षेंत आले खरे. परंतु 1934 च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत आठवड्यास 54 तासांची मर्यादा घातली असतां हंगामी कारखान्यांस 60 तासांची मुभा दिली. हा भेद 1948 च्या कायद्यानें काढला व सर्वांस 48 तास ठरविले. मात्र त्याच वर्षीं झालेल्या राज्य कामगार विमा कायद्यानें हंगामी कारखाने पुन्हा बाहेर ठेविले. गिरणींतील कामगारास आजारपणांत जो आधार मिळाला, तो जिनावरील मजुरास मिळाला नाहीं. धूळ मात्र दोघांच्याही छातींत सारखीच जाते.

संशोधनाची दृष्टीही अशीच अपुरी राहिली. 1929 मध्यें नेमलेल्या, व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें हिंदुस्थानभर साक्षी घेतल्या, श्री. ना. म. जोशी त्याचे सभासद होते. 1944 मध्यें नेमलेल्या रेगे समितीनें निरनिराळ्या उद्योगांची पाहणी केली. दोन्ही कामें मोलाचीं आहेत. तथापि उद्योगवार पाहणींत कारखाना हाच मोजमापाचा घटक ठरतो. कारखाना बंद पडला कीं कामगार कागदावरून नाहींसा होतो. त्याचें पोट मात्र नाहींसें होत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी कीं, अभ्यासकानें मलकापुरांतील एखादें मजूर-कुटुंब घ्यावें आणि त्याचे बाराही महिने लिहावे: जिनावर किती दिवस, शेतावर किती, रिकामे किती, कर्ज कोणत्या महिन्यांत झालें, औषध कोणत्या महिन्यांत राहून गेलें. अशा शंभर कुटुंबांचीं वर्षें मांडलीं, म्हणजे कल्याणाचा कायदा महिने मोजून करावयाचा कीं माणसें मोजून, याचा निर्णय करणें फारसें कठीण जाणार नाहीं.