एका पडलेल्या नाटकाची हकीकत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची आणि बढती मिळालेल्या बांधवांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ती पाहून आम्हां सर्वांसच धन्यता वाटते. यंदा मात्र आम्ही यशाविषयी न बोलता एका पडलेल्या नाटकाविषयी बोलण्याचे योजिले आहे. नाटक अमेरिकेतले आहे आणि त्याची हकीकत ज्याने त्यास संगीत दिले त्या रिचर्ड रॉजर्स याने आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ‘म्युझिकल स्टेजेस’ या नावाचा तो ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला, त्या वेळी रॉजर्सचे वय ७३ वर्षांचे होते. आपल्याकडेही गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा जीवनविहार’ लिहून संगीतकाराच्या आत्मकथनाचा उत्तम पाठ घालून दिलेला आहेच.

किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून संगीत नाटक म्हणजे काय हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. तथापि तिकडील रीत थोडी निराळी आहे. तेथे प्रत्येक पद वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत बांधलेले असते. गायकाने आपल्या मर्जीनुसार ते आळवीत बसावयाचे नसते. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे नावाच्या नाटकगृहांच्या वस्तीत अशी नाटके रोजच्या रोज, चालतील तितके महिने होत राहतात. ‘ओक्लाहोमा’ हे रॉजर्स आणि त्याचा पदकार ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे पहिले नाटक १९४३ साली लागले आणि त्याचे २,२१२ प्रयोग झाले. दुसरे ‘कॅरूसेल’, १९४५ चे. त्याचे ८९० झाले. आता तिसरे काय, याकडे सर्वांचे डोळे लागून राहिले होते. लाखो डॉलरची तिकिटे आगाऊ खपली.

हे तिसरे नाटक म्हणजे ‘अलेग्रो’. ते १० ऑक्टोबर १९४७ रोजी मॅजेस्टिक नाटकगृहात लागले.

कथा अशी आहे. एका लहान गावातील डॉक्टरास मुलगा होतो. नाटकाचा आरंभ त्याच्या जन्मापासून आहे, परंतु बालपणी तो रंगभूमीवर दिसतच नाही. आजी, आई, गावकरी सगळे त्याच्याविषयी आणि त्याच्याशी बोलतात, आणि प्राचीन ग्रीक नाटकांतल्याप्रमाणे एक गायकवृंद त्याच्या मनातले बोलून दाखवितो. मुलगा मोठा होऊन डॉक्टर होतो. बालपणीच्या मैत्रिणीशी त्याचा विवाह होतो. त्या बाईस पैशाची आणि प्रतिष्ठेची हाव. तिच्या आग्रहास्तव तो गाव सोडून शिकागोस जातो, आणि तेथे श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांवर औषध देणे, मेजवान्यांस जाणे, रुग्णालयाच्या विश्वस्तांची मर्जी राखणे यांत त्याचा दिवस जाऊ लागतो. रोगी पाहण्यास मात्र वेळ उरत नाही! अखेरीस त्या मोठ्या रुग्णालयाचे प्रमुखपद त्याच्यापुढे येते, आणि तेच नाकारून तो बापाच्या गावी परत जातो.

रॉजर्सचे वडील डॉक्टर होते आणि बंधूही डॉक्टर. तेव्हा हा विषय त्याच्या घरातलाच म्हणावयाचा. हॅमरस्टाइनच्या मनात दुसरेही काही होते. ‘ओक्लाहोमा’नंतर समित्या, सभा, सत्कार, भाषणे यांचा त्याच्याभोवती असा गराडा पडला होता की ज्या कामामुळे हा मान मिळाला तेच काम करावयास सवड मिळू नये. यशस्वी मनुष्यास यश कसे खाते, हे त्यास सांगावयाचे होते. आम्हांस हा विषय फार मोलाचा वाटतो, आणि सत्कारसमारंभ भरविणाऱ्या कोणत्याही मंडळाने तो अधूनमधून आठवावा. (अध्यक्षांनी क्षमा करावी.)

मग नाटक पडले का? पहिला अंक लिहिण्यात हॅमरस्टाइनने जवळजवळ वर्ष घालविले आणि दुसरा तालमी तोंडावर आल्या तेव्हा घाईने उरकला. पहिल्या अंकातील आजी, आई, गाव ही जिवंत माणसे वाटतात. दुसऱ्या अंकातील शिकागोचे लोक केवळ उपहासासाठी उभे केलेले दिसतात. ज्याने वर्षभर वर्गात शिकविले आणि शेवटचे चार धडे परीक्षेच्या आधी एका आठवड्यात संपविले, त्या शिक्षकासारखीच ही गत. दुसरे असे की, दिग्दर्शन व नृत्यरचना ही दोन्ही कामे अॅग्नेस डी मिल या एकाच बाईंकडे सोपविली होती. नृत्यात त्यांचा हात धरणारे थोडे, परंतु एवढ्या माणसांचा पसारा एकटीने आवरेना. अखेर संवादांकडे हॅमरस्टाइनने आणि गाण्यांकडे रॉजर्सने पाहावे असे ठरले.

न्यू हेवन येथे रंगीत तालीम म्हणून जो पहिला जाहीर प्रयोग झाला, त्या रात्रीची हकीकत नाटकवेड्यांनी ऐकावी अशी आहे. एका नर्तकाचा पाय रंगमंचावरील पडद्याच्या खाचेत अडकून त्याची शीर तुटली व त्यास उचलून न्यावे लागले. लिसा कर्क नावाची नटी गात असता तोल जाऊन खाली वादकांच्या खड्ड्यात पडली. वादकांनी तिला उचलून वर ठेवले आणि तिने गाणे थांबविले नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्यात बाहेरच्या गल्लीतून धूर आत येऊ लागला. लोक उठून पळणार तोच प्रेक्षकांत बसलेल्या जोशुआ लोगन या दिग्दर्शकाने ओरडून सर्वांस खाली बसविले. अशा रात्रीनंतरही ती मंडळी कामाला लागली, यातच त्यांची जात ओळखावी.

न्यूयॉर्कच्या टीकाकारांत दोन तट पडले. कोणी सौंदर्याची स्तुती केली, कोणी उपदेशाचा कंटाळा व्यक्त केला. पुष्कळांचा समज झाला की खेडे चांगले आणि शहर वाईट, एवढेच यात सांगितले आहे. हॅमरस्टाइनला तसे मुळीच म्हणावयाचे नव्हते, आणि हा गैरसमज त्यास अखेरपर्यंत सलला. ३१५ प्रयोगांनंतर, १९४८ च्या जुलै महिन्यात नाटक बंद झाले. दुसऱ्या कोणास ३१५ हा आकडा पुष्कळ वाटला असता, पण ‘ओक्लाहोमा’शेजारी तो उभा राहू शकला नाही.

आता आत्मचरित्राकडे येतो. म्हातारपणी मनुष्य आपल्या अपयशाविषयी लिहितो तेव्हा बहुधा ते गाळतो किंवा दुसऱ्याच्या माथी मारतो. रॉजर्सने दोन्ही केले नाही. आपल्या पडलेल्या नाटकांपैकी पुन्हा एकदा संधी देण्यास सर्वांत योग्य कोणते असेल तर ‘अलेग्रो’, असा त्याने स्वच्छ निर्वाळा दिला आहे. आणि यशासाठी मनुष्य ज्या तडजोडी करतो त्यांविषयी त्यात जे म्हटले ते अजूनही खरे आहे, असेही लिहिले आहे. १९४९ साली लागलेल्या ‘साउथ पॅसिफिक’चे १,९२५ प्रयोग करून दाखविलेल्या माणसाने हे लिहावे, याला महत्त्व आहे. त्यास आता कोणाची सहानुभूती नको होती. हॅमरस्टाइन तर १९६० साली वारला तोपर्यंत दूरचित्रवाणीसाठी या नाटकाची फेररचना करण्याच्या विचारात होता.

या नाटकाच्या तालमींत सतरा वर्षांचा एक विद्यार्थी आठवड्यास २५ डॉलरवर काम करी. कॉफी आणणे, संहिता टंकलिखित करणे ही त्याची कामे. त्याचे नाव स्टीफन सोंडहाइम. जाणत्या, अनुभवी माणसांचेही काय आणि कोठे चुकते हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले, आणि पुढे आयुष्यभर तो त्याविषयी बोलत राहिला. १९८१ साली त्याचे स्वतःचे ‘मेरिली वुई रोल अलाँग’ १६ प्रयोगांत बंद पडले. त्याचा विषयही यशापायी मित्र व ध्येय गमावणाऱ्या एका संगीतकाराचाच! सोंडहाइम २०२१ साली वारला. त्याच नाटकास २०२४ साली उत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार मिळाला.

‘अलेग्रो’चे भाग्य एवढे उजळले नाही. २००९ साली त्याचे संपूर्ण संगीत ध्वनिमुद्रित होऊन निघाले, २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका लहान नाटकगृहात ते पुन्हा झाले, एवढेच. ज्या तरुणांस गाण्याची आवड आहे त्यांनी ते मुद्रण मिळवून पहिला अंक तरी ऐकावा. रॉजर्सचा ग्रंथ आमच्यापाशी आहे. कोणास हवा असल्यास घरी येऊन न्यावा. परत करण्याची तारीख मात्र आम्ही वहीत लिहून ठेवतो.