काळाचं यंत्र आणि आपली सही



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले आणि बाहेर पाऊस लागला, म्हणून सगळ्या थांबलो. मी सहज विचारलं, "जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांत असतात तसल्या अजब गोष्टी खऱ्या झाल्या, काळात मागं नेणारं यंत्र गावात आलं, तर तुम्ही कुठं जाल?"

एक आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात!" आम्ही बघतच राहिलो. "खडी फोडून हाताला फोड यायचे, पण दुपारी सगळ्या बाया सुकडी वाटून खायचो. तवाच्या मैत्रिणी आता कुठं राहिल्या?"

मग एक मावशी बोलल्या, "मला दोनदा जायचंय. एकदा, अंगठा सोडून गटात पहिली सही केली त्या दिवशी. घरोघर साखर वाटली होती मी. दुसऱ्यांदा, भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं त्या दिवशी. म्हणाला, 'आता तुला सही येती की!' मीबी हौसेनं केली. काय लिहिलंय ते इचारलंच न्हाई."

कुणीच काही बोललं नाही. माझी मान खाली गेली. घाईच्या वेळी मीही ठराव न वाचता "इथं सही करा" म्हणत बोट दाखवलेलं होतं.

वेगानं जाणाऱ्या यानातलं घड्याळ हळू चालतं, हे आइन्स्टाइननं सांगितलं आणि ते प्रयोगांनी खरं ठरलं. मागं जायची वाट मात्र कुणालाच सापडलेली नाही. म्हणून पुढची सही सांभाळायची.

२००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं लग्न झालेल्या लेकीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. तो ठेवायचा की सोडायचा, हे तिनं समजून ठरवावं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवणं सोपं नसतं. कागद पुढं आला की म्हणा, "ठेवून जा, वाचून सांगते." शंका आली तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मावशींना घेऊन मीही जाणार आहे.

आता आमच्या गटात ठराव आधी मोठ्यानं वाचतो, मग सह्या होतात. परवा मावशींनीच मला थांबवलं, "ताई, शेवटची ओळ परत वाचा."

मी परत वाचली. मगच त्यांनी पेन हातात घेतलं.