गिअरबॉक्सची सोयरीक

एका मोटारीचा गिअरबॉक्स काढून तिच्याच नात्यातील दुसऱ्या मोटारीस बसविणे ही गोष्ट ऐकावयास जितकी सोपी वाटते, तितकी ती करावयास नसते. हे मी पुस्तकावरून सांगत नाही. भोपाळच्या अयोध्या नगरात आमच्या दारासमोर माझ्या मेहुण्यांची १९८५ सालची काँटेसा ताडपत्रीखाली उभी आहे. ती याची साक्ष देईल. आणि ती तशी उभी राहण्यात माझ्या एका शब्दाचाही वाटा आहे.

काँटेसा १९८४ साली हिंदुस्थान मोटर्सने बाजारात आणली. तिचा सांगाडा विलायतेतील व्हॉक्सहॉल मोटारीचा, पण इंजिन मात्र आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे, १४८९ घनसेंटिमीटरचे. त्याची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती आणि गिअर चार. देह थोराड आणि दम थोडा, असा तो प्रकार होता. पुढे थोड्याच वर्षांत जपानच्या इसुझू कंपनीच्या सहकार्याने १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, आणि ‘काँटेसा क्लासिक’ ही त्या काळच्या देशी मोटारींत वेगाची मोटार म्हणून गणली जाऊ लागली. ही जोडी तयार करणारा कारखाना आमच्या मध्य प्रदेशातच, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे होता. तो २००५ मध्ये अ‍ॅव्हटेक कंपनीकडे गेला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हीच जोडी अ‍ॅम्बॅसडरलाही मिळाली, आणि तिचे नाव अ‍ॅम्बॅसडर १८०० आय.एस.झेड. असे झाले. म्हणजे धाकट्या बहिणीचा दागिना थोरलीच्या अंगावर कारखान्यानेच घातला. काँटेसा २००२ साली बंद झाली, अ‍ॅम्बॅसडर २०१४ साली. परंतु दोहोंचे सुटे भाग अजूनही भंगारवाल्यांकडे हाती लागतात, आणि मोह तेथेच उत्पन्न होतो.

पाचव्या गिअरचा मोह का पडावा, हे थोड्या गणिताने समजते. चाकाचा परीघ १.९ मीटर आणि मागच्या आसाचे प्रमाण चारास एक धरू. चौथ्या गिअरमध्ये इंजिन व प्रोपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात. अशा वेळी ताशी ८० किलोमीटर जाण्यास चाक मिनिटास सुमारे ७०० फेरे घेते आणि इंजिन २८००. पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८५ असेल, तर तेच काम २४०० फेऱ्यांत होते. इंदूरच्या रस्त्यावर तीन तास बसणाऱ्याच्या कानांना त्या ४०० फेऱ्यांचा फरक फार मोठा वाटतो.

मेहुण्यांनी क्लासिकचा गिअरबॉक्स स्वस्तात मिळविला आणि मला विचारले, “मास्तर, बसेल का?” मी शाळेत विज्ञान शिकवितो. मी म्हणालो, “बसेल की, एकाच घरातल्या मोटारी.” चूक झाली ती येथे. दोन्ही मोटारींचे नाव एक, पत्रा एक. पण एकीचे इंजिन इंग्रजी वंशाचे आणि दुसरीचे जपानी. गिअरबॉक्सचे नाते नावाशी नसते, पत्र्याशीही नसते. ते इंजिनाच्या पाठीशी असते. इंजिनाला गिअरबॉक्स ज्या घंटेसारख्या आवरणाने जोडतात, त्या बेल हाउसिंगची बोल्टांची भोके जुळेनात. तेव्हा मध्ये पोलादी पट्टी कापून बसविण्यात आली. पट्टीवर दोन्हीकडची भोके पाडली, बोल्ट आवळले गेले, आणि सर्वांनी चहा घेतला.

भोके जुळली म्हणजे मध्य जुळला असे मात्र नव्हे. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्याचे टोक क्रँकशाफ्टच्या शेवटी असलेल्या लहानशा बुशमध्ये टेकते. दोहोंचा अक्ष एकच असावा लागतो. इंचाच्या काही सहस्रांशांची चूकदेखील त्याला सोसत नाही. ती डोळ्याने दिसत नाही, डायल गेज लावूनच पाहावी लागते. आम्ही गेज लावला नाही. सीहोरच्या अलीकडे क्लच दाबला की कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला, मग गिअर पडेना. उघडून पाहिले तो बुश झिजून लंबवर्तुळ झालेला. त्या वेळी गाडीत माझी बहीण व दोन मुले होती, आणि मागून मालमोटारी येत होत्या. त्या दहा मिनिटांची आठवण मला अजून बरी वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने सरळ असतात. क्लचप्लेटच्या मधल्या दात्यांची संख्या नव्या दांड्याशी जुळावी लागते. नवा डबा लांब असला तर प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो, आणि कापल्यावर तोल साधून घ्यावा लागतो, नाहीतर सारी मोटार थरथरते. मागचा आधार सरकतो. स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्सच्या शेपटीकडून निघते; तिचे दातेरी चाक वेगळे असेल तर काटा खोटे बोलू लागतो. रिव्हर्सची जागाही बदलते, आणि वीस वर्षांची हाताची सवय एका दिवसात जात नाही.

विलायतेतील हौशी लोक एम.जी.बी. मोटारीस फोर्ड सिएराचा पाच गिअरचा डबा बसवितात. ते इंजिनही आपल्या अ‍ॅम्बॅसडरच्याच घराण्यातले. १९५५ सालच्या एम.जी.ए.चे इंजिन तर तेवढ्याच, १४८९ घनसेंटिमीटरचे होते. परंतु तेथे या कामासाठी खास ओतलेले, यंत्रावर नीट घासलेले बेल हाउसिंग विकत मिळते. पट्टी आणि तसे ओतीव आवरण यांत जे अंतर आहे, तेच हौस आणि कारागिरी यांत आहे असे मला वाटते.

आता इंजिन व गिअरबॉक्स अशी पुरी जोडीच आणावी, असे मेहुण्यांचे मत झाले आहे. त्यात मापांचा प्रश्न सुटतो, पण कागदाचा उभा राहतो. गिअरबॉक्सचा क्रमांक नोंदणी-पुस्तकात नसतो, इंजिनाचा असतो. आणि इंजिन बदलणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे परवानगीचा विषय आहे. अर्ज आधी करावा आणि पाना मग हाती घ्यावा, एवढे मी त्यांना बजावले आहे. दुसरा मार्गही मोकळा आहे. जुना चार गिअरचा डबा त्यांनी विकला नव्हता. तो गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवला आहे. माझ्या बहिणीला तोच परत बसवावा असे वाटते, आणि सीहोरच्या रस्त्यावर गाडीत तीच होती.

देवासजवळ अपघातात मोडलेली एक क्लासिक पडून आहे म्हणतात. येत्या रविवारी मिस्सा आटोपली की आम्ही दोघे ती पाहावयास जाणार आहोत. या खेपेस बरोबर व्हर्निअर घेतला आहे, आणि डायल गेजही उसना मागितला आहे.