फुटकी वीट आणि नवे काँक्रीट
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, खडूफळ्यापाशी आयुष्य घालविलेले; इंजिनियर नव्हे. परंतु कुंभाराच्या घरी जन्मल्यामुळे भट्टीशी परिचय आहे. आपल्या वसतिगृहाच्या नव्या खोल्यांचा विषय आज सभेपुढे असल्याने चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

आपल्या वाडवडिलांनी फुटकी वीट टाकून दिली नाही. ती कुटून, चाळून तिची सुरखी केली व घाणीत मळलेल्या चुन्यात मिसळली. एकटा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. सुरखीतील सिलिकेशी संयोग पावला म्हणजे तो पाण्यातही टिकतो. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. मात्र फार भाजून काचेसारखी झालेली वीट सुरखीस निरुपयोगी. हे भट्टीवाल्यास सांगावयास नकोच!

औष्णिक वीजकेंद्रांची राख आज तेच कार्य करते. बाजारातील पीपीसी सिमेंटात ती १५ ते ३५ टक्के असते, आणि तितके क्लिंकर भाजण्याचे इंधन व धूर वाचतो. आपल्या कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांतील चिपाडाची राखही सिलिकायुक्तच. पण तीत अर्धवट जळलेला कोळसा राहतो. तो चाळून राख बारीक दळावी लागते. आम्ही हौसेने ती तशीच परसातील ओट्यास घातली आणि एका पावसाळ्यात ओटा भुसभुशीत झाला. दोष राखेचा नव्हे, आमच्या उतावळेपणाचा.

२०१९ च्या महापुरात पडलेल्या घरांचा राडारोडा आपण पाहिलाच आहे. जुने काँक्रीट फोडून केलेली खडी एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटात २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास २०१६ च्या भारतीय मानकाने मुभा दिली आहे. विटांच्या खडीस मात्र पायाखालच्या हलक्या काँक्रीटापुरतीच परवानगी आहे.

म्हणून आमची विनंती अशी की, पायाखालचा थर आणि गच्चीचा कोबा विटांच्या तुकड्यांचा करावा. तुकडे आधी भिजवावेत, नाहीतर ते काँक्रीटातील पाणी ओढून घेतात. खांब व स्लॅब यांत ही काटकसर करू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा वडिलांनी आम्हांस उचलून अंगणात नेले होते. त्या खोल्यांत आपलीच मुले निजणार आहेत.

आमच्या जुन्या भट्टीपाशी तुकड्यांचे दोन ट्रॉली ढीग पडून आहेत. समितीने माणूस पाठवावा. ट्रॅक्टरचे भाडे आम्ही देऊ.