सात परकर आणि वाळती मासळी

आज आम्ही तुम्हांला पोर्तुगालला नेतोय. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला वसईचा किल्ला आठवतो, गोवा आठवतो. पण त्यांच्या मुलखातल्या कोळणी कशा जगतात, हे आपण कधी विचारलंच नाही. लिस्बनच्या उत्तरेला, अटलांटिक समुद्राच्या काठी नाझारे नावाचं गाव आहे. तिथली ही गोष्ट.

तिथल्या बायकांचा जुना पोशाख म्हणजे एकावर एक सात परकर! सातच का? कुणी सांगतं आठवड्याचे सात वार, कुणी सांगतं समुद्राच्या सात लाटा. आम्हांला पटलं ते साधं कारण. घरचे पुरुष समुद्रावर गेले की बायका वाळूत वाट बघत बसायच्या. वरचे परकर डोक्याखांद्यावरून ओढून घ्यायचे, खालचे पायांवर. वाऱ्याथंडीत तेवढाच आडोसा. गावाला बंदर नव्हतं. होड्या लाटांतून थेट वाळूवर काढायच्या, आणि कधी कधी त्या बायकांच्या डोळ्यांदेखत उलटायच्या. 1980 च्या दशकात बंदर झालं तेव्हा कुठे हा घोर कमी झाला.

मासळी सुकवणं मात्र बायकांच्याच हातात राहिलं. तारली किंवा बांगड्यासारखी मासळी घ्यायची, पोट साफ करून उघडायची, धुऊन मिठाच्या पाण्यात ठेवायची. मग लाकडी चौकटीला जाळी ताणून तिच्यावर उन्हात. दोन-तीन दिवसांत खडखडीत. एकच दिवस वाळवलेली अर्धओली मासळीही तिथं आवडीने खातात. हे सगळं भर किनाऱ्यावर, पर्यटकांसमोर चालतं. बघणारे बघतात, विकतही घेतात.

पर्यटक लाटांसाठीही येतात. किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी मोठी खोल दरी आहे, तिच्यामुळे हिवाळ्यात लाटा डोंगराएवढ्या उठतात. 2013 साली माया गबेरा ही ब्राझीलची बाई तिथं फळीवरून लाटेवर स्वार होताना बुडता बुडता वाचली. तीच 2020 मध्ये परत आली आणि साडेत्र्याहत्तर फुटांच्या लाटेवर उभी राहिली. बायकांमध्ये तो विक्रम ठरला. कड्यावरच्या वस्तीत जायला 1889 पासून उतारावरची रेल्वे आहे, तिथून लाटा छान दिसतात म्हणे.

आमच्या गटात यावरून वादच झाला. एक ताई म्हणाली, "आपण बोंबील वाळत घातले की पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आणि तिथं फोटो काढतात!" दुसरी म्हणाली, "पण तिथंही हे काम करणाऱ्या थोड्याच राहिल्यात, त्याही म्हाताऱ्या. पोरी शिकल्या नाहीत तर फोटो कुणाचे काढणार?" दोघींचंही खरं आहे. मासळी वाळूवर न पसरता जाळीच्या चौकटीवर घातली तर कचकच लागत नाही, हे मात्र सगळ्यांना पटलं. पुढच्या बैठकीत दहा चौकटींचा खर्च काढायचाय. तुमच्या गावात स्वस्तात करून देणारा सुतार असेल तर आम्हांला कळवा.