टोफू आणि फळांची कोशिंबीर

पानाच्या डाव्या बाजूस कोशिंबिरीची जागा ठरलेली असते. पेरूची, केळ्याची, डाळिंबाचे दाणे घातलेली कोशिंबीर आपल्याला नवी नाही. फळाला मीठमिरचीची संगत मानवते, हे आपल्या स्वयंपाकघराने केव्हाच मान्य केले आहे. या पंक्तीत ताज्या टोफूलाही बसवावे, एवढीच माझी आजची शिफारस आहे.

टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. भिजवलेले सोयाबीन वाटून, उकळून त्याचे दूध गाळतात. जपानात त्यात निगारी, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारा कडू क्षार, घालतात. दूध साकळते; ते कापडात दाबले की टोफू तयार होतो. १७८२ साली ओसाका शहरात टोफूच्या शंभर पाककृतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, यावरून त्या देशाची या पदार्थावरील प्रीती ध्यानात यावी.

तेथील ‘शिराए’ हा प्रकार तर आपल्या कोशिंबिरीचा सख्खा भाऊच शोभेल. पाणी निथळलेला टोफू भाजलेल्या तिळांबरोबर वाटायचा, किंचित साखरमीठ घालायचे आणि त्यात भाजी किंवा पिकलेल्या काकी फळाच्या फोडी कालवायच्या. हिमाचलात हेच फळ ‘जापानी फळ’ म्हणून विकले जाते. आपण दही आणि दाण्याचे कूट यांकडून जे काम करून घेतो, तेच तेथे टोफू आणि तीळ करतात.

आता कृती. पावशेर टोफू उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून काढावा आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवावे. पंधरा मिनिटांत पाणी निथळते. तेवढ्यात पिकलेली पण घट्ट पपई, पेरू किंवा संत्रे चिरून घ्यावे. टोफूचे चौकोनी तुकडे, फळाच्या फोडी, बारीक मिरची, कोथिंबीर आणि भाजलेले तीळ एकत्र करून वर लिंबू पिळावे. मीठ मात्र पानात वाढतेवेळीच घालावे. अगोदर घातले तर फळाला पाणी सुटते. टोफूला स्वतःची चव बेताचीच. म्हणून तो फळाचा सुवास झाकीत नाही. उरलेला टोफू थंड जागी, पाण्यात बुडवून ठेवावा, ते पाणी रोज बदलावे आणि दोनतीन दिवसांत संपवावा. आंबूस वास आला तर तो टाकून देणेच शहाणपणाचे.

हा केवळ जिभेचा प्रश्न नव्हे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही सोयाबीन पिकविणारी देशातील अग्रगण्य राज्ये आहेत. या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल आपण घेतो. प्रथिनांनी भरलेली पेंड मात्र बहुतांशी कोंबड्यांच्या आणि गुरांच्या वाट्याला जाते. नागालँडात अखुनी आणि मणिपुरात हवाइजर या रूपाने सोयाबीन अन्न म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मानाने नांदत आले आहे. आमच्या शिवारात मात्र ते पिकते आणि आमच्या चुलीला वळसा घालून निघून जाते!

एका कोशिंबिरीने बाजारभाव बदलणार नाहीत, हे उघड आहे. परंतु ज्या घरात डाळ मोजून शिजते, किंवा ज्या मुलाला दूध पचत नाही, तेथे ही वाटी उपयोगी पडेल. दारच्या शेतातील धान्याची घरच्या पानाशी ओळख करून द्यायला पंधरावीस मिनिटे पुरतात.