विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचे यश चिंतावे काय?

(पक्षाच्या मराठी भाषिक सभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा यांचा शपथविधी चार दिवसांवर आला असताना रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या अमेरिकन नभोवाणी-वक्त्याने आपल्या कार्यक्रमात उघड सांगितले की, हा राष्ट्राध्यक्ष अपयशी ठरावा अशीच आपली इच्छा आहे. त्यावर मोठा गदारोळ उठला. देश मंदीच्या खाईत असताना असे बोलणे म्हणजे देशाचेच अहित चिंतणे होय, असा एक पक्ष होता. ज्याची धोरणे आम्हांला अमान्य त्याचे यश आम्ही का चिंतावे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. २०१७ साली आणि पुन्हा २०२५ साली डोनाल्ड ट्रम्प अधिकारावर आले तेव्हा हाच प्रश्न बाजू बदलून उभा राहिला.

माझे काम भाषांतराचे. 'तो अपयशी ठरो' हे वाक्य मराठीत आणताना व्याकरणाची काहीच अडचण येत नाही. परंतु लगेच मनात येते, अपयशी ठरो, पण कशात? बेकारांना काम देण्यात, की परक्या देशावर सैन्य धाडण्यात? मूळ इंग्रजीतही या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. आणि 'राष्ट्राध्यक्षाला यश लाभो' या सद्भावनेच्या वाक्यातही ते नाही. दोन्ही वाक्ये एका माणसाच्या नावापाशी थांबतात, त्याच्या कृतीपर्यंत पोहोचत नाहीत. ओबामांनीच मार्च २०१० मध्ये आरोग्यविम्याचा कायदा केला आणि त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठविण्याची घोषणाही केली. अमेरिकन कामगाराने यांपैकी कोणत्या ओबामांचे यश चिंतावे?

याचे अधिक स्पष्ट उदाहरण लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत सापडते. १९६४ साली वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये अडला तो मुख्यतः जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातील दक्षिणेकडील सभासदांमुळे. अखेर ७३ विरुद्ध २७ मतांनी तो संमत झाला. विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या ३३ सिनेटरांपैकी २७ जणांनी त्याला मत दिले, तर राष्ट्राध्यक्षांच्या पक्षातील २१ जण विरोधात गेले. विधेयकाला मत देणाऱ्या रिपब्लिकनांनी विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला यश मिळवून दिले, म्हणून काही ते डेमोक्रॅट झाले नाहीत. यश निग्रो जनतेच्या लढ्याचे होते. जॉन्सन यांची त्यावर सही झाली. त्या सहीच्या वेळी मार्टिन ल्यूथर किंग उपस्थित होते. आणि त्याच किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्याच जॉन्सन यांच्या व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला. गरिबीविरुद्धच्या कार्यक्रमाचा पैसा हे युद्ध गिळत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या हितकर्त्या राष्ट्राध्यक्षाला असे अडचणीत आणू नये, असे त्यांच्या चळवळीतल्याही अनेकांना वाटले. परंतु किंग यांच्या भूमिकेत विसंगती नव्हती. एकाच माणसाच्या दोन कृती होत्या आणि त्या दोन परस्परविरोधी हितांची सेवा करीत होत्या.

येथे कोणी विचारील, मग एखाद्या राष्ट्राध्यक्षाचे धोरण विफल करण्यासाठी विरोधकांनी काहीही केले तर ते क्षम्य मानायचे काय? याचे उत्तर चिलीने दिले आहे, आणि ते रक्ताने लिहिलेले आहे. जुलै १९७१ मध्ये तांब्याच्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची घटनादुरुस्ती तेथील संसदेने एकमताने संमत केली. साल्वादोर आयेंदे यांच्या विरोधकांनीही तिला मत दिले, कारण त्या प्रश्नावर जनतेच्या भावनेविरुद्ध जाण्याची कोणाची छाती नव्हती. परंतु राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सप्टेंबर १९७० मध्येच, आयेंदे अधिकारावर येण्यापूर्वी, चिलीच्या अर्थव्यवस्थेचा गळा आवळण्याचे आदेश गुप्तहेर खात्याला दिले होते. पुढे तेथील विरोधी पक्षांना आणि वृत्तपत्रांना अमेरिकन पैसा पुरविण्यात आला. ऑक्टोबर १९७२ मध्ये मालट्रकांच्या मालकांनी वाहतूक बंद पाडली. धोरणाचे अपयश सिद्ध करण्यासाठी लोकांच्या ताटातले अन्न हिरावण्यात आले. तरीही मार्च १९७३ च्या निवडणुकीत आयेंदे यांच्या आघाडीला ४३ टक्क्यांहून अधिक मते पडली. मतपेटीतून हवे ते अपयश मिळेना, तेव्हा ११ सप्टेंबर १९७३ रोजी रणगाडे आले. धोरणाविरुद्ध लोकांना उभे करणे हा विरोध आहे. धोरण पडावे म्हणून लोकांनाच पाडणे ही प्रतिक्रांती आहे.

कॉम्रेड्स, दुसऱ्यांचे दाखले देऊन आपण सुटू शकत नाही. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या हाती राज्यकारभार नसतो, म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे पंतप्रधानांच्या संदर्भात येतो. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधी यांनी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्षाने त्याला पाठिंबा दिला, आणि ते योग्यच होते. काँग्रेस हा भांडवलदारांचा पक्ष आहे, या आपल्या मूल्यमापनात त्यामुळे काही बदलले नव्हते. परंतु जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा आपण एका उपायाला नव्हे, तर एका राजवटीला यश चिंतिले. वीस कलमी कार्यक्रमातील वेठबिगारीच्या निर्मूलनाकडे आपली दृष्टी लागली होती. त्याच राजवटीने त्याच सप्टेंबरात कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले आणि हजारो लोकांना विनाचौकशी तुरुंगात डांबले. १९७८ च्या भटिंडा महाअधिवेशनात पक्षाने ही चूक मान्य केली. ती कबुली नव्या सभासदांना केवळ इतिहासाचा तपशील म्हणून सांगू नये. पाठिंबा कृतीवरून माणसाकडे आणि माणसावरून राजवटीकडे किती सहज सरकत जातो, हे त्यातून शिकवावे.

याच्या उलट दिशेचा दोषही आपल्यात शिरू शकतो, आणि आज त्याचीच भीती अधिक आहे. विरोधकांच्या राज्यात रेशन दुकानावर धान्य वेळेवर आले, तर आपल्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडता कामा नये. ते धान्य लोकांच्या हक्काचे आहे, आणि बहुधा लोकांनी लढून मिळविलेले आहे. ते वाढावे यासाठी पुन्हा लढावे. परंतु ते न आले असते तर आपला मोर्चा मोठा निघाला असता, हा विचार ज्याच्या मनात येतो, तो अजाणता चिलीच्या ट्रकमालकांच्या पंगतीला जाऊन बसतो.

तेव्हा कोणी विचारले की, विरोधी पक्षाचा राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान यशस्वी व्हावा असे तुम्हांला वाटते काय, तर उलट विचारावे: कशात, आणि कोणासाठी? कष्टकऱ्यांच्या पदरात काही पडणार असेल, तर ते काम जरूर तडीस जावे, मग त्यावर सही कोणाचीही असो. त्यांच्या पदरातले काढून घेतले जाणार असेल, तर ते फसावे अशी इच्छा नुसती बाळगून भागणार नाही. ते फसविण्यासाठी लोकांना संघटित करावे लागेल.